पुड्यामागचा आकडा आणि लेकीची धाप

वाचकाचं पत्र

माझी मुलगी ११ वर्षांची. पाचव्या वर्षापासून तिला दमा आहे, पंप चालू आहे, एरवी ठीक असते. गेल्या दिवाळीत तिने मूठभर पिवळे बेदाणे खाल्ले आणि दहा मिनिटांत खोकला, छातीत शिट्टी सुरू झाली. पंप द्यावा लागला. जानेवारीत शाळेच्या स्नेहसंमेलनात संत्र्याच्या स्क्वॅशचे दोन घोट घेतले आणि पुन्हा तेच. मार्चमध्ये मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक, वेफर्स, केशरी जेली खाऊन आली आणि रात्री मांड्यांवर, पाठीवर पित्त उठलं, सकाळी गेलं. त्या आठवड्यात तिला सर्दी-ताप होता, तापाचं औषध चालू होतं. शिवाय आजोबांच्या शुगर-फ्री गोळ्या खाल्ल्या की पोटात मुरडा येऊन जुलाब होतात. सासूबाई म्हणतात, थंड-आंबट खाल्ल्याने होतं. व्हॉट्सॲपवर घातक आकड्यांची यादी आली, ती मी फ्रिजला लावली आणि तीन महिने ब्रेड, बिस्किटं, नूडल्स, सॉस, आइस्क्रीम, टोमॅटो, दही सगळं बंद केलं. तिचं वजन दीड किलोने उतरलं, डबा तसाच परत येतो. एका लॅबमध्ये २०० पदार्थांची रक्ततपासणी करतात, ती करून घेऊ का? शाळेची सापुताऱ्याची सहल आहे, पाठवू का? आणि दिवाळीच्या लाडवांतले बेदाणे कायमचेच बंद का?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर

ताई, तुम्ही चार प्रसंग एका माळेत ओवलेत आणि त्या माळेला 'पॅकबंद खाण्याची ॲलर्जी' असं नाव दिलंय. आमच्या मते इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बेदाणे आणि स्क्वॅश हे एकाच कारणाचे दोन प्रसंग दिसतात आणि ते गंभीर आहे. वाढदिवसाच्या रात्रीचं पित्त बहुधा खाण्याचं नव्हतंच. शुगर-फ्री गोळ्यांचे जुलाब ही ॲलर्जीच नव्हे. तिन्हींचा उपाय वेगळा आहे. तुम्ही सगळ्यावर एकच उपाय केलात, म्हणून जे धोक्याचं आहे ते नेमकं कळलं नाही आणि जे निर्धोक आहे ते ताटातून गेलं.

आधी धोक्याचं. पिवळा बेदाणा आणि बाटलीतलं स्क्वॅश या दोन पदार्थांत एक गोष्ट हमखास सारखी सापडते, ती म्हणजे सल्फाइट. सल्फर डायऑक्साइड आणि त्यापासून बनणारे क्षार पुड्यावर २२० ते २२८ या आकड्यांत येतात. २२० म्हणजे खुद्द सल्फर डायऑक्साइड, २२३ म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइट, २२४ म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. घरी स्क्वॅश करणाऱ्या बायका ज्याला केएमएस म्हणतात तेच हे. फळ काळं पडू नये, बुरशी आणि यीस्ट धरू नये, म्हणून ते घालतात. बहुतेक माणसांना त्याचं काही होत नाही. दमा असलेल्यांपैकी साधारण ३ ते १० टक्के लोकांना मात्र त्याने धाप लागते, आणि दमा जितका जोरात तितकी ही शक्यता जास्त.

हे कसं घडतं ते समजलं की तुमच्या मुलीचे दोन्ही प्रसंग उलगडतात. आंबट पातळ पदार्थात सल्फाइटमधून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. घोट घेताना तो श्वासाबरोबर आत ओढला जातो आणि आधीच नाजूक असलेल्या श्वासनळ्या आकसतात. म्हणून स्क्वॅशचा त्रास दोन घोटांतच होतो, पोटात जाऊन पचेपर्यंत वाट बघावी लागत नाही. बेदाणा चावून खाताना लाळेत तेच होतं, फक्त थोडं सावकाश. सल्फाइटचा त्रास सहसा काही मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात दिसतो. दुपारी खाल्लेल्या गोष्टीने रात्री अकराला धाप लागली तर दुसरं काही शोधावं.

सासूबाईंचं निरीक्षण यात अगदीच चुकीचं नाही. आंबटपणामुळे वायू सुटायला मदत होते आणि गार पेयाने काही दमेकऱ्यांना खोकला येतोच. पण याची साधी पडताळणी तुमच्या हातात आहे: घरी ताजं लिंबू पिळून केलेलं सरबत ती पिते का आणि तेव्हा तिला काही होतं का, हे आठवून बघा. ते पिऊन ती बरी राहत असेल, तर लिंबाचा आंबटपणा निर्दोष ठरतो आणि संशय बाटलीतल्या आकड्यावर येतो. ताज्या द्राक्षांचंही तसंच. आपल्याकडे हंगामात मुलं घडच्या घड खातात. तिला द्राक्षांनी काही होत नसेल, तर बेदाण्यातलं द्राक्ष दोषी नाही, त्यावर केलेली प्रक्रिया दोषी आहे. एक बारकावा मात्र नाशिककरांनी लक्षात ठेवावा. निर्यातीच्या किंवा लांब जाणाऱ्या द्राक्षांच्या खोक्यात ग्रेप गार्डचा कागद ठेवतात. तो हळूहळू सल्फर डायऑक्साइड सोडतो आणि बुरशी थोपवतो. असं खोकं तिच्यासमोर उघडू नका. गॅलरीत उघडून ठेवा, कागद टाकून द्या आणि द्राक्षं वाहत्या पाण्याखाली धुऊनच द्या.

बेदाण्याचा रंग इथे बरंच सांगून जातो. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत वाळवतात. या टप्प्यावर माल हिरवट-तपकिरी होतो. त्याला चमकदार पिवळा रंग हवा असेल तर गंधकाची धुरी देतात. उन्हात नुसता वाळलेला माल तपकिरी-काळा पडतो. म्हणून रविवार कारंजावर किंवा पिंपळगावला माल घेताना "धुरी दिलेला आहे का?" एवढं विचारा, व्यापाऱ्याला प्रश्न बरोबर कळतो. पिशवी उघडताच काडेपेटीची काडी ओढल्यासारखा उग्र वास आला तर उत्तर मिळालंच. वास आला नाही म्हणून माल गंधकमुक्त ठरत नाही, कारण बरंचसं सल्फाइट फळातल्या साखरेशी बांधलेलं असतं आणि त्याला वास नसतो. बेदाणे धुतले, भिजवले तर थोडं उतरतं, सगळं जात नाही. तुमच्या मुलीसाठी धुतलेला पिवळा बेदाणाही नकोच. केशरी जर्दाळूला हाच नियम लावा; गंधक न लावलेला जर्दाळू चॉकलेटी रंगाचा असतो.

आता प्रमाण, कारण सल्फाइटच्या बाबतीत सगळा खेळ प्रमाणाचा आणि स्वरूपाचा आहे. पाणी घालून प्यायच्या स्क्वॅशमध्ये आपल्याकडच्या नियमांनुसार किलोला ३५० मिलिग्रॅमपर्यंत सल्फर डायऑक्साइड चालतं. घरगुती स्क्वॅशला लिटरमागे ०.६ ग्रॅम केएमएस घालतात, त्याचं उत्तरही साधारण तेवढंच येतं. एका पेल्यासाठी ५० मिली स्क्वॅश घेतलं तर १७ मिलिग्रॅमच्या आसपास गेलं, तेही आंबट आणि मोकळ्या स्वरूपात. आता बिस्किटाचा पुडा बघा. कणीक मऊ पडावी म्हणून कित्येक बिस्किटांत २२३ असतं. घटकांच्या यादीत 'डो कंडिशनर' शब्दापुढे ते सापडेल. पण ते थोडं असतं, भट्टीत बरंच उडतं आणि उरलेलं पिठाशी बांधलं जातं. तुमची मुलगी तीन महिन्यांपूर्वीपर्यंत बिस्किटं खात होती आणि पत्रात त्यांच्याबद्दल एकही तक्रार नाही. याचा अर्थ थोडं, बांधलेलं सल्फाइट तिला चालत असावं. डॉक्टरांना ही गोष्ट जरूर सांगा, कारण त्यावरून पथ्य किती कडक हवं ते ठरतं.

या पथ्यात काय काय येतं? पिवळा बेदाणा, केशरी जर्दाळू आणि इतर सुकवलेली रंगीत फळं. बाटलीतली स्क्वॅश, क्रश आणि सिरप. बाटलीबंद लिंबाचा रस. काही आलं-लसूण पेस्ट, काही लोणची, काही डेसिकेटेड खोबरं, बटाट्याचे गोठवलेले किंवा सुकवलेले प्रकार. कोळंबी काळी पडू नये म्हणून तिलाही सल्फाइट लावतात, तेव्हा गोठवलेल्या कोळंबीचं पाकीट वाचून घ्या. अतिशय पिवळाधमक गूळही टाळा, तो हायड्रोस नावाच्या गंधकयुक्त रसायनाने उजळलेला असू शकतो; काळसर गूळ घ्या. पांढरी साखर आपल्याकडे बहुतेक गंधकाच्या प्रक्रियेनेच स्वच्छ करतात, पण तिच्यात उरणारं प्रमाण फार कमी असतं. चहा-सरबतातली साखर त्यासाठी बंद करू नका. घरात कुणा मोठ्या माणसाला दमा असेल आणि ते आपल्याकडच्या वायनरीत जाणार असतील, तर वाइनमध्येही सल्फाइट असतं. बाटलीवर तसं छापलेलं असतं.

'सल्फा' औषधांची ॲलर्जी वेगळी आणि सल्फाइटचा त्रास वेगळा. डॉक्टरांपुढे 'सल्फरची ॲलर्जी' असं मोघम सांगितलंत तर तिच्या केसपेपरवर भलतंच लिहिलं जाईल आणि उद्या लागणारं औषध नाकारलं जाईल. 'सल्फाइट, २२० ते २२८' असंच सांगा. कांदा-लसणात गंधक असतं म्हणून ते बंद करायचं काही कारण नाही.

पुडा कसा वाचायचा ते आता नीट बघू. समोरची चित्रं आणि दावे सोडा, मागे वळवा. 'इनग्रेडिएंट्स' खाली घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात. मिश्रकं, म्हणजे टिकण्यासाठी किंवा रंगासाठी वरून घातलेली द्रव्यं, त्यांच्या कामाच्या नावाने आणि पुढे कंसात आकड्याने लिहिलेली असतात. स्क्वॅशच्या बाटलीवर साधारण असं दिसेल: साखर, पाणी, संत्र्याचा रस, ॲसिडिटी रेग्युलेटर (३३०), प्रिझर्व्हेटिव्ह (२२४), रंग (११०). काही बाटल्यांवर अजून 'क्लास टू प्रिझर्व्हेटिव्ह' असा शब्दप्रयोग असतो. मीठ, साखर, व्हिनेगर हे पहिल्या वर्गातले; दुसऱ्या वर्गात सल्फाइट, बेंझोएट असली रसायनं येतात. हा शब्द दिसला की आकडा शोधा. २११ हे सोडियम बेंझोएट आहे, ते सल्फाइट नव्हे. गडद रंगाच्या सरबतांत बहुधा तेच वापरतात, कारण सल्फाइट रंग फिका करतं. यादीच्या शेवटी ॲलर्जीची वेगळी ओळ असते. किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर आपल्या लेबलिंग नियमांप्रमाणे ते तिथे लिहावंच लागतं. आधी ही ओळ वाचायची, मग वरची यादी. आकड्याच्या आधी कुठे 'ई' तर कुठे 'आयएनएस' असतं, आकडा मात्र तोच.

'नो प्रिझर्व्हेटिव्ह' या ठळक अक्षरांवर विसंबू नका. पदार्थात वेगळं काही घातलं नसेल, पण आत पडलेल्या सुक्या मेव्याबरोबर सल्फाइट आलेलं असू शकतं. म्हणूनच ॲलर्जीची ओळ महत्त्वाची. आणि नेहमीच्या कंपनीचा नेहमीचा पुडा असला तरी दर वेळी वाचा. पाककृती बदलतात, पुड्याचं रूप तेच राहतं. बेकरीतला फ्रूट केक, मिठाईच्या दुकानातली बर्फी, हातगाडीवरचा बर्फाचा गोळा यांना मागची बाजूच नसते. तिथे एकच नियम ठेवा: सुका मेवा, टुटीफ्रुटी किंवा बाटलीतलं सिरप असेल तर मुलीला नको.

फ्रिजवरची यादी मात्र आज काढून टाका. असल्या याद्यांची मूळ आई १९७६ च्या सुमारास फ्रान्समध्ये फिरलेलं एक पत्रक आहे. त्याला व्हिलज्युइफच्या कॅन्सर रुग्णालयाचं नाव चिकटवलेलं होतं आणि रुग्णालयाने त्याच्याशी आपला संबंध नाही असं सांगितलं होतं. त्या पत्रकात सर्वांत घातक म्हणून ३३० क्रमांक दिला होता. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, आपल्या लिंबातलंच. तसंच १०० म्हणजे हळदीतला पिवळा रंग, ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, १६२ म्हणजे बिटाचा रंग, ४१२ म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक, ५०० म्हणजे खाण्याचा सोडा आणि त्याचे भाऊबंद. आकडा आहे म्हणून विष, हा हिशोब मुळातच खोटा आहे. तुमच्या यादीत उरायला हवेत ते नऊच आकडे, २२० ते २२८. ते एका चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवा.

आता त्या रात्रीचं पित्त. मुलांच्या अंगावर अचानक गांधी उठण्याचं सर्वांत नेहमीचं कारण विषाणूजन्य ताप-सर्दी हेच असतं, आणि त्या आठवड्यात तिला नेमका तोच होता. दुसरा संशयित औषध. तापाच्या सिरपमध्ये आयब्युप्रोफेन होतं का, ते बाटलीवर बघा. त्या गटातली औषधं काही जणांच्या गांधी वाढवतात आणि काही दमेकऱ्यांची धापही. हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढच्या तापाला ते सिरप देऊ नका. केशरी जेलीतल्या ११० क्रमांकाच्या रंगाने किंवा १०२ क्रमांकाच्या टार्ट्राझिनने गांधी उठू शकतात, पण असं फार थोड्या जणांना होतं. एका रात्रीत येऊन गेलेल्या एका प्रसंगावरून रंगाला दोषी धरता येत नाही. गांधी सहा आठवड्यांहून जास्त काळ येत-जात राहिल्या, तर तो वेगळा आजार मानून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. गांधींबरोबर ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, उलट्या झाल्या किंवा श्वास अडला तर मात्र थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

युरोपात २०१० पासून सहा कृत्रिम रंगांच्या पदार्थांवर इशारा छापतात हे तुम्ही वाचलं असेल. तो इशारा मुलांच्या चंचलपणाबद्दल आणि लक्ष लागण्याबद्दल आहे, दम्याबद्दल नाही.

नूडल्समधल्या ६२१ बद्दल, म्हणजे अजिनोमोटोबद्दल, तुमच्या पत्रात तक्रार काहीच नाही, नुसती भीती आहे. १९६८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका पत्रापासून त्याची बदनामी सुरू झाली. पुढे कोणता पेला कुठला हे न सांगता केलेल्या चाचण्यांत तो त्रास सातत्याने दिसला नाही. रिकाम्या पोटी एकदम तीनेक ग्रॅम घेतलं तर काहींना डोकं जड होणं, अंग गरम वाटणं असं तात्पुरतं होतं. एका नूडल्सच्या वाटीत तेवढं नसतं. नूडल्समध्ये मीठ आणि मैदा जास्त, म्हणून त्या रोज देऊ नका, एवढंच.

शुगर-फ्री गोळ्यांत ४२० सॉर्बिटॉल, ९६५ माल्टिटॉल, ९६७ झायलिटॉल अशी गोडवा देणारी द्रव्यं असतात. ती आतड्यात पूर्ण शोषली जात नाहीत, पाणी ओढून घेतात, उरलेली आंबतात. त्यातून मुरडा आणि जुलाब. जास्त खाल्लं तर कुणालाही होईल. आजोबांचा डबा वरच्या फळीवर ठेवा, विषय संपला.

रक्ततपासणीचे पैसे वाचवा. अशा २०० पदार्थांच्या पॅनेलमध्ये बहुधा आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजतात. ती आपण जे खातो त्याच्याविरुद्ध नैसर्गिकपणे तयार होतात, त्यावरून त्रास ठरत नाही. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच या चाचण्या निदानासाठी वापरू नयेत असं सांगितलं आहे. अहवालात तीस-चाळीस पदार्थ लाल रंगात येतील आणि मुलीचं ताट आणखी रिकामं होईल. सल्फाइटसाठी भरवशाची रक्ततपासणी नाही, त्वचेवर टोचून करायची चाचणीही बहुतेकांत काही सांगत नाही. पक्कं निदान होतं ते रुग्णालयात, देखरेखीखाली. काही मिलिग्रॅमपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने २०० मिलिग्रॅमपर्यंत मेटाबायसल्फाइट देतात, दर टप्प्याला फुंकून श्वासाची क्षमता मोजतात, आणि ती २० टक्के घसरली की चाचणी सकारात्मक मानून थांबतात.

ताई, हे घरी करून बघायचं नाही. "एकच बेदाणा देऊन बघू" हा विचारही नको. गांधी किंवा पोटाच्या तक्रारी असतील तर डॉक्टरांच्या संमतीने पदार्थ बंद करून पुन्हा देऊन पाहता येतो. श्वासाचा प्रश्न असेल तेव्हा तो प्रयोग फक्त रुग्णालयातच होतो. आधी छातीच्या किंवा बालदमा बघणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि दमा किती आटोक्यात आहे ते तपासून घ्या. पंप ती बरोबर ओढते का, रोजचा प्रतिबंधक पंप चुकतो का, हे बघायला सांगा. दमा आवरलेला असेल तर सल्फाइटचा फटकाही सौम्य पडतो. चाचणी करायची की नुसतं पथ्य पाळायचं, हे डॉक्टर ठरवतील. दोन स्वच्छ प्रसंग असताना बऱ्याचदा पथ्यच पुरतं.

जाताना एक वही घेऊन जा. आजपासून तिच्यात लिहायला लागा: काय खाल्लं, किती, किती वाजता, किती मिनिटांनी काय झालं, पंपाचे किती फवारे लागले, किती वेळात उतरलं. त्या दिवशी सर्दी होती का, पळापळ झाली होती का, घरात डासांची कॉइल किंवा धूप होता का, हेही लिहा, कारण वाढदिवसाला मुलं खातात तेवढीच धावतातही. पुडा फेकण्याआधी मागच्या बाजूचा फोटो काढा, बॅच क्रमांकासकट. पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणारं छोटं यंत्र, घेतलंत तर उत्तम. सकाळ-संध्याकाळ उभं राहून तीनदा फुंकायचं आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा लिहायचा. ती अगदी बरी असताना दोन आठवड्यांत येणारा सर्वोच्च आकडा तिचा स्वतःचा मापदंड. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर ठीक, ५० ते ८० मध्ये सावध, ५० च्या खाली तातडीची मदत.

बंद केलेलं खाणं परत सुरू करा. दही आणि टोमॅटो उद्याच, त्यांच्याविरुद्ध काही पुरावाच नव्हता. मग दर दोन-तीन दिवसांनी एक पदार्थ: ब्रेड, मग तिचं जुनं आवडतं बिस्किट, मग आइस्क्रीम, मग नूडल्स. बिस्किटात २२३ असेल तर ते डॉक्टरांची भेट झाल्यावरच. सॉसचं लेबल वाचा; त्यात बहुधा २११ असतं, ते तिला चालावं. दर आठवड्याला एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन करा. डब्यात थालीपीठ-दही, शेंगदाण्याची पोळी, मटकीची उसळ, पोहे, घरचा चिवडा देता येईल. चिवड्यात बेदाणा घालू नका, खोबऱ्याचे काप घाला.

सापुताऱ्याला नक्की पाठवा. वर्गशिक्षिकेला एक कागद द्या: मुलीचं नाव, दमा आहे, बेदाणे-स्क्वॅश-सिरप-क्रश द्यायचं नाही, तुमचे दोन फोन नंबर. सोबत डॉक्टरांनी लिहून दिलेला दम्याचा आराखडा, तिच्याच सॅकच्या वरच्या कप्प्यात आराम देणारा पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी. सामानाच्या गाडीत नाही. शिक्षिकेला एकदा करून दाखवा: मुलीला सरळ बसवायचं, पंप हलवायचा, स्पेसरमध्ये एक फवारा, चार ते सहा श्वास, मग पुढचा. किती फवारे आणि किती वेळाने पुन्हा, हे आराखड्यात आकड्यांनी लिहून घ्या. त्यानेही आराम पडला नाही, बोलताना वाक्य तुटायला लागलं, ओठ निळसर दिसले, तर १०८. सापुतारा गुजरातेत असलं तरी तिथेही हाच क्रमांक लागतो. रुग्णालयात ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन द्यायची वेळ आली तर कुणी सल्फाइटच्या कारणाने अडवू नये. त्या इंजेक्शनमध्येही थोडं मेटाबायसल्फाइट असतं, तरी सल्फाइटचा त्रास असलेल्यांनाही ते द्यायचंच असतं. वाटेतल्या स्टॉलवर तिला शहाळं, ताजं लिंबू सरबत, मक्याचं कणीस, शेंगदाण्याची चिक्की चालेल. बाटलीतल्या क्रशचं कुठलंही पेय, गोळा, सुक्या फळांची पाकिटं नकोत.

लाडवांचं म्हणाल तर सासूबाईंना रव्याचे लाडू करूच द्या. बेदाण्याच्या जागी काजूचा तुकडा किंवा चारोळी लावा. बेदाणाच हवा असेल तर धुरी न दिलेली काळी मनुका विचारून आणा, आणि तीही मुलीच्या लाडवांत डॉक्टरांशी बोलल्यानंतरच. पिवळा बेदाणा घातलेले लाडू करायचेच असतील तर ते वेगळ्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी लावून ठेवा. पाहुण्यांनी आणलेल्या फराळालाही हीच चिठ्ठी लावायची.